खाटेजवळ कोण आहे?

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करता?" आयटी म्हटलं की विषय तिथेच संपतो. डॉक्टर म्हटलं तर समोरचा लगेच आपला गुडघा दाखवतो. माझी मात्र दर वेळी पंचाईत होते. "मी हॉस्पिटलांना सरकारी नियम समजावून सांगते," असं मी म्हणते, समोरची व्यक्ती "अच्छा, अच्छा" म्हणते आणि श्रीखंडाकडे वळते. तुम्हीही वळला असतात, मी वाईट वाटून घेत नाही. पण आज तुम्ही हे वाचायला बसलाच आहात, तर मागच्या काही वर्षांत या कामात मी काय पाहिलं, आणि कुठे चुकले, ते सांगते.

मी राहते अर्विंगला. डॅलस आणि डीएफडब्ल्यू विमानतळ यांच्यामधलं हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी विमान उतरताना वरून पाहिलं असेल. पाहुणे आले की आम्ही त्यांना लास कोलिनासमधले पाण्यातून उधळत जाणारे नऊ ब्राँझचे घोडे दाखवतो, मग एकता मंदिर, मग थॉमस जेफरसन पार्कातला गांधीजींचा पुतळा, आणि येताना किराणा. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, ती पाहुण्यांना दाखवता येत नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचा बराचसा कारभार इथल्या काचेच्या इमारतींमधून चालतो. औषधांची मोठी वितरक मॅकेसन हिचं मुख्यालय २०१९ साली इथे आलं, आणि पुढे कोविडच्या लशी देशभर पोचवण्याचं मोठं काम त्याच कंपनीकडे गेलं. ख्रिस्टस हेल्थ इथली, व्हिझिएंट इथली, डॅलस-फोर्ट वर्थ हॉस्पिटल कौन्सिलही इथलंच. मी यांच्यापैकी कुणाकडेच नाही. याच आवारात एक लहानशी सल्लागार कंपनी आहे, तिथे मी नोकरी करते. आमचे ग्राहक म्हणजे टेक्सास आणि आसपासची चाळीसेक लहान हॉस्पिटलं. मोठ्या हॉस्पिटलांकडे नियम वाचायला वकिलांची फौज असते. लहान हॉस्पिटलात जी बाई नर्सिंग बघते, तीच इन्फेक्शन कंट्रोल बघते आणि तीच सरकारी फॉर्मही भरते. आमचं काम तिच्यासाठी.

मी मूळची मिरजेची. माझी आई सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तिला अजून "सिस्टर" म्हणतात. मी बी. फार्म. केलं, लग्न होऊन इकडे आले, इथे हॉस्पिटल व्यवस्थापन शिकले. तिला माझं काम कधी कळलं नाही. "म्हणजे तू पेशंट बघत नाहीस आणि औषधंही देत नाहीस. मग पगार कशाचा गं?" असं तिने मला एकदा अगदी निरागसपणे विचारलं होतं.

मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झालं आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं दुकान मांडलं गेलं. एका टोकाला मुलाची शाळा, दुसऱ्या टोकाला मी. पहिल्या पंधरा दिवसांत नियमांचा जो पाऊस पडला, तसा मी आधी पाहिला नव्हता. १३ मार्चला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी त्याआधी ३१ जानेवारीलाच जाहीर झाली होती. या दोन्ही घोषणा एकत्र आल्या की सोशल सिक्युरिटी कायद्याचं ११३५ कलम जागं होतं. मेडिकेअरचे एरवी दगडावर कोरल्यासारखे वाटणारे नियम सरकारला त्या कलमाखाली तात्पुरते सैल करता येतात. महिनाअखेरीला तर "भिंतींविना हॉस्पिटल" अशी योजनाच आली. तंबूत, हॉटेलात, सर्जरी सेंटरमध्ये पेशंट ठेवायला मुभा मिळाली. गावाकडच्या लहान हॉस्पिटलांना एरवी पंचवीसच बेडची मर्यादा असते आणि पेशंट सरासरी ९६ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो. त्या दोन्ही अटी बाजूला ठेवल्या गेल्या.

फोन सुरू झाले. "आता काहीही चालतं ना?" हा पहिला प्रश्न. नाही हो, काहीही चालत नाही. केंद्राने सूट दिली म्हणजे राज्याने दिली असं नाही. हॉस्पिटलचा परवाना राज्याचा असतो. शिवाय बहुतेक सवलतींना शेपूट होतं, की राज्याच्या आपत्कालीन योजनेशी हे विसंगत नसावं. कुणी पार्किंगमध्ये तंबू ठोकून तिथे तपासणी सुरू करायचं म्हणे. "जरूर करा," मी सांगायचे, "पण दारात आलेल्या माणसाला न तपासता परत पाठवायची मुभा मात्र कुणी दिलेली नाही." हा १९८६ चा कायदा आहे. इमर्जन्सीत आलेल्या प्रत्येकाला, खिशात विमा असो वा नसो, तपासायचं आणि जीव धोक्यात असेल तर स्थिर करायचं. महामारीत तपासणीची जागा बदलायची सवलत मिळाली. तपासणीच न करण्याची नाही.

त्याच दिवसांत डॅलसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तात्पुरतं हॉस्पिटल उभं केल्याचे फोटो आले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ओळीने मांडलेल्या खाटा, पांढऱ्या चादरी, मध्ये पडदे. ते वापरायची वेळ सुदैवाने आली नाही. तो फोटो मी आईला पाठवला, तर तिचा उलट प्रश्न, "खाटा दिसल्या. माणसं कुठायत?" मला वाटलं, ती पेशंटांबद्दल विचारतेय.

आता माझ्या चुकीकडे येते.

जुलै २०२० मध्ये हॉस्पिटलांनी रोज द्यायच्या आकड्यांची पद्धत रातोरात बदलली. तोवर हे आकडे सीडीसीच्या यंत्रणेत जात. चार-पाच दिवसांच्या नोटिशीवर सांगण्यात आलं, की १५ जुलैपासून ते थेट केंद्रीय आरोग्य खात्याच्या नव्या यंत्रणेत भरायचे. किती पेशंट, किती संशयित, किती व्हेंटिलेटर, एन-९५ मास्क किती दिवस पुरतील, आणि बेड किती, त्यातले रिकामे किती, असे डझनावारी रकाने. शनिवार-रविवारसुद्धा. आणि हे कागद भरण्यापुरतं नव्हतं. तेव्हा रेमडेसिविर तुटपुंजं होतं, आणि ते कुठे किती पाठवायचं हे ठरवताना हेच आकडे पाहिले जात होते.

सरकारची मार्गदर्शिका लांबलचक होती. मी दोन रात्री बसून तिचा एका पानाचा सारांश केला. प्रत्येक रकान्यात काय भरायचं, ते एका ओळीत. मला त्याचा भारी अभिमान वाटला. मूळ मार्गदर्शिकेत बेडच्या रकान्यापुढे एक विशेषण होतं, 'स्टाफ्ड'. म्हणजे ज्याच्यासाठी माणूसबळ आहे असा बेड. माझ्या तक्त्यात ते बसेना, ओळ दुसरीकडे घसरत होती. मी ते काढलं. 'एकूण बेड', एवढंच ठेवलं. पान छान एका पानात बसलं.

दोनेक आठवड्यांनी रात्री साडेआठला फोन वाजला. पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान हॉस्पिटलची नाइट सुपरवायझर. आवाज शांत होता, पण थकलेली माणसं जितकी शांत असतात तितका. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदाप्रमाणे आम्ही रोज पंचवीस बेड लिहितो, कारण परवान्यावर पंचवीस आहेत. पेशंट नऊ. म्हणजे सोळा रिकामे. हेच आकडे आम्ही विभागाच्या यादीलाही देतो. आज मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला, तुमच्याकडे सोळा मोकळे आहेत तर दोघांना पाठवतो म्हणून. माझ्याकडे आज रात्री दोन नर्स आहेत. एक कालची डबल ड्यूटी करून पुन्हा आलीय. मी जादा नर्स मागायला फोन केला, तर समोरचा म्हणतो, सोळा बेड मोकळे असताना तुम्हाला नर्स कशाला?" मग ती थोडं थांबली. "हा नियम खरंच असा आहे का?"

नियम तसा नव्हता. तसा मी केला होता. मी मार्गदर्शिका उघडली, ते विशेषण शोधलं, आणि तिला तसं सांगितलं. ती रागावली नाही. "म्हणजे मी उद्या नऊ किंवा दहा लिहू?" एवढंच विचारलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

फोन ठेवला तेव्हा मिरजेत सकाळचे साडेसात वाजून गेले होते. आईला फोन लावला. ती चहा टाकत होती. मी सगळं सांगितलं, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, रकाने आणि व्याख्यांसकट. ती मध्येच म्हणाली, "अगं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच कळलेलं. आमच्या वॉर्डात खाटा तीस, पेशंट पन्नास, वीस जण खाली गादीवर, आणि रात्री सिस्टर एक अन् मावशी एक. साहेब राउंडला येऊन म्हणायचे, 'सिस्टर, खाटा वाढवून देतो.' मी म्हणायचे, 'खाट नको साहेब, एक मुलगी द्या.' खाट काय, सुतार करून देतो. तुम्ही मोजताना खाटेजवळ कोण आहे ते मोजा की."

सरकारने कित्येक पानांत सांगितलेली आणि मी एका ओळीसाठी कापलेली गोष्ट तिने चहा गाळता गाळता सांगितली.

पुढचे दोन दिवस मी आमच्या यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलला फोन केला. ईमेल केली नाही, फोन केला. अकरा ठिकाणी परवान्यावरचा आकडा रोज जात होता. माझ्या वरिष्ठांना मी झालेलं सांगितलं. त्यांनी नवा तक्ता मंजूर केला, ज्यात बेडच्या ओळीला तीन ओळी दिल्या होत्या. पान एकाचं दीड झालं. त्या सुपरवायझरच्या हॉस्पिटलात पुढे दोन नर्स काही आठवड्यांसाठी आल्या. आकडा दुरुस्त झाल्यामुळे आल्या, की यायच्याच होत्या, हे मला माहीत नाही. पण त्या मधल्या पंधरा दिवसांत त्या दोघींनी काय ओढलं असेल, याचा हिशेब माझ्या कुठल्याच रकान्यात नाही.

तुम्ही म्हणाल, एका आकड्याचं एवढं काय? तर ऐका. सप्टेंबरमध्ये मेडिकेअरने ही रोजची माहिती सक्तीची केली. ६ ऑक्टोबर २०२० ला अंमलबजावणीची पद्धत जाहीर झाली. आधी सूचनापत्रं, मग आणखी पत्रं, आणि तरीही आकडे आले नाहीत तर शेवटी मेडिकेअरमधून बाहेर. ज्या गावात निम्मे पेशंट पासष्टीच्या पुढचे, तिथल्या हॉस्पिटलला मेडिकेअर बंद म्हणजे कुलूपच. आणि त्याच आठवड्यात टेक्सासच्या राज्यपालांचा हुकूम निघाला. राज्याचे 'ए' ते 'व्ही' असे बावीस विभाग आहेत. आम्ही डॅलसवाले एकोणीस काउंट्यांच्या 'ई' विभागात. विभागातल्या एकूण हॉस्पिटल क्षमतेच्या १५ टक्क्यांहून जास्त जागा सलग सात दिवस कोविड पेशंटांनी व्यापल्या, की रेस्टॉरंटांची क्षमता ७५ वरून ५० टक्के, आणि बार बंद. म्हणजे भागाकारात खाली कुठला आकडा घ्यायचा, यावर अर्विंगच्या मॅकआर्थर बुलेवार्डवरच्या वेटरचे त्या आठवड्याचे पैसे अवलंबून होते. खाली रिकाम्या खाटा जास्त दाखवल्या की टक्का कमी दिसतो. सगळं आलबेल वाटतं. आणि आत वॉर्डात एक बाई तिसरी डबल ड्यूटी करत असते.

एप्रिल २०२१. इथे आम्हा सगळ्यांना लस मिळत होती. मार्चअखेरीपासून टेक्सासमध्ये सोळा वर्षांपुढच्या कुणालाही रांग खुली झाली होती. आणि तिकडून रोज एकेक बातमी येत होती. तुमच्याकडेही आल्या असतील. त्या दिवसांत आपल्यापैकी कुणाचा फोन सायलेंटवर होता? एका पहाटे मामेभावाचा फोन आला. मामांचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला होता. "ताई, यादीत एका ठिकाणी अकरा बेड रिकामे दाखवतायत, तिकडे निघालोय."

मी त्याला थांबवलं. म्हटलं, "आधी फोन कर. बेड आहे का, असं विचारू नकोस. तीन प्रश्न विचार. बेडला ऑक्सिजन आहे का? तो रात्रभर पुरेल का? आणि रात्री त्या वॉर्डात सिस्टर किती?" पहिल्या ठिकाणी उत्तर आलं, खाट आहे, ऑक्सिजन नाही. दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन होता, रात्रीचं विचारल्यावर फोन कट झाला. तिसऱ्या ठिकाणी एक बाई म्हणाली, "ऑक्सिजनचा बेड एकच आहे. रात्री आम्ही दोघी असतो, लवकर या." मामा तिथे बारा दिवस होते.

मधल्या काळात तो रेमडेसिविरसाठी सहा तास रांगेत उभा होता. जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरातच त्याविरुद्ध सल्ला दिला होता, हे मला माहीत होतं. मी त्याला सांगितलंही. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की घरच्यांच्या जिवाला चैन कुठून पडणार? "ताई, तू तिथे बसून सांगतेस," तो म्हणाला. खरंच होतं ते.

बिलाच्या वेळी मात्र माझा उपयोग झाला. महाराष्ट्र सरकारने मे २०२० मध्ये खासगी हॉस्पिटलातल्या ८० टक्के बेडचे दर बांधून दिले होते. साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. काही औषधं आणि तपासण्या त्यात धरलेल्या नव्हत्या. मी तो आदेश शोधून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि नेमकं काय म्हणायचं ते सांगितलं, "भांडू नकोस. नियम दाखव आणि विचार, हा बेड त्या ८० टक्क्यांत आहे का?" त्याने तसंच केलं. काउंटरवरच्या माणसाने कागद दोनदा वाचला, आत गेला आणि आकडा कमी करून आला. तो म्हणे, "आम्हालाही कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही हो." मी त्या माणसावर चटकन विश्वास ठेवला. चाळीस हॉस्पिटलांत मी तेच वाक्य इंग्रजीत ऐकलं होतं.

मामा घरी आले. आता दोन जिने चढले की बसतात. पण आहेत.

मग २०२१ चा शेवट. ११ ऑक्टोबरला राज्यपालांनी हुकूम काढला, की टेक्सासमध्ये कोणत्याही संस्थेने कुणावर कोविड लशीची सक्ती करायची नाही. ५ नोव्हेंबरला मेडिकेअरने नियम काढला, की आमचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांनी लस घेतलीच पाहिजे. दोघांचा अंमल एकाच इमारतीवर. मला विचारत, "कुणाचं ऐकायचं?" मध्येच टेक्सासपुरती केंद्राच्या नियमाला कोर्टाने स्थगिती दिली. मग १३ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राचा नियम उचलून धरला, आणि आमच्याकडे पुन्हा नव्या तारखा आल्या. दर वेळी मी नवं पान लिहायचे. आता एकही विशेषण कापत नव्हते.

मी लशीच्या बाजूची आहे. यात मला शंका नव्हती, आजही नाही. पण त्या सुपरवायझरचा पुन्हा फोन आला. "माझ्या सहा रात्रपाळीच्या नर्सपैकी एक म्हणते मी घेणार नाही, हवं तर काढून टाका. नियम पाळला तर माझे चार बेड कमी होतील. काय करू?" तिला मी सांगू शकले ते एवढंच, की त्या नियमात वैद्यकीय आणि धार्मिक कारणांसाठी सूट मागायची सोय आहे, ती कशी मागायची आणि कशी तपासायची. आणि की तिने त्या नर्सशी आधी बसून बोलावं, कागद नंतर पुढे करावा. तीन आठवड्यांनी तिने कळवलं, ती दोघी दोन तास बोलल्या. नर्सला एका जुन्या ॲलर्जीची भीती होती, ती तिने कुणाला सांगितलीच नव्हती. डॉक्टरांशी गाठ घालून दिली, आणि तिने लस घेतली. प्रत्येक ठिकाणी असं झालं नाही. आमच्या यादीतल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात दोघी सोडून गेल्या.

त्या हिवाळ्यात मला पुण्याचा प्लेग वारंवार आठवायचा. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. रोग्याला वेगळं ठेवा, घर स्वच्छ करा, यात वैद्यकीयदृष्ट्या वावगं काय होतं? पण रँडचे सोल्जर बूट घालून देवघरात शिरले, बायकांना रस्त्यावर उभं केलं. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्याच वर्षी, त्याच साथीत, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई आजारी माणसं स्वतः आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. रोग्याला वेगळं ठेवायचं हे रँडही म्हणत होता आणि ते त्या दवाखान्यातही होत होतं. तिथे रोग्याजवळ सावित्रीबाई होत्या. मी काही त्यांच्या नखाची सर असलेली बाई नाही. मी टेबलावर बसून पानं लिहिते. पण पान लिहिताना ते कुणाच्या हातात रात्री दोन वाजता पडणार आहे, हे मी आता आधी विचारते.

सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी दर नव्वद दिवसांनी वाढत वाढत ११ मे २०२३ ला संपली. सवलती गेल्या, तंबू गेले, पंचवीस बेडची मर्यादा परत आली. रोजच्या आकड्यांची सक्ती ३० एप्रिल २०२४ ला थांबली, आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून आठवड्याचे आकडे सुरू झाले. म्हणजे माझी नोकरी आहे.

जाता जाता तुमच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण आपल्या सगळ्यांचे आईवडील इथे येतात. अपरात्री त्यांना इमर्जन्सीत न्यायची वेळ आली, आणि विमा अपुरा असला, तरी तपासणी नाकारता येत नाही. बिल नंतर येईल, घसघशीत येईल, पण दार बंद करता येत नाही. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागा. फोनवर का होईना, मराठी दुभाषा फुकट मिळवून देणं हे हॉस्पिटलचं काम आहे. सगळं भाषांतर तुम्हीच करत बसू नका, तेव्हा तुम्हाला मुलगा किंवा मुलगी असायचं असतं. आणि भेटायला जाताना कुणी "नियम आहे" म्हणून अडवलं, तर आवाज न चढवता म्हणा, "लेखी धोरण दाखवता का?" हॉस्पिटलकडे ते लेखी असावं लागतं. कधी नियम खरंच असतो. कधी तो कुणीतरी एका पानात बसवताना कापलेला असतो.

२०२३ च्या दिवाळीला आई अर्विंगला आली होती. एका रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी, रक्त, सगळं झालं. फार काही नव्हतं, पण रात्रभर ठेवून घेतलं. खोलीत नेल्यावर तिने आधी बेडची कळ दाबून तो वर-खाली करून पाहिला, मग चादरीचे कोपरे तपासले. नंतर मला विचारलं, "या खाटेची सिस्टर कोण?"

समोरच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता. त्यावर निळ्या मार्करने रात्रपाळीच्या नर्सचं नाव आणि फोनचा नंबर लिहिलेला. मी बोट दाखवलं. आईने चष्मा लावला, ते नाव सावकाश, अक्षर अक्षर जोडून वाचलं.

"बरंय," म्हणाली. "तू जा आता घरी. झोप जरा."